मालिकेतला जुना रेडिओ ओळखायचा कसा? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

जुन्या काळावरची मालिका असली की तीत एक प्रसंग ठरलेला असतो. वाड्यातली माणसं रेडिओभोवती जमतात, निवेदकाचा गंभीर आवाज येतो आणि कॅमेरा सावकाश रेडिओवर जातो. बहुतेकांचं लक्ष बातमीकडे असतं. ज्यांचं लक्ष पेटीकडे जातं आणि 'हा रेडिओ कुठला? त्या साली होता का?' असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सुरुवातीला माझाही फार गोंधळ उडायचा, कारण याबद्दलची माहिती बहुतेक इंग्लंड-अमेरिकेच्या रेडिओंची मिळते आणि ती आपल्या घरांना जशीच्या तशी लागू पडत नाही.

सोलापुरात जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या दुकानात बसलं की अर्धं शिक्षण होतं. तिथं पहिला धडा असा मिळतो : "पाटी काय बघता? डायल बघा की वो!" पाटी म्हणजे कंपनीच्या नावाची पट्टी. ती दोन स्क्रूंवर बदलता येते. डायल म्हणजे स्टेशनांची नावं आणि आकडे छापलेली, काटा फिरतो ती पट्टी. ती बदलणं मात्र अवघड. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

काय जवळ ठेवायचं

घरबसल्या ओळखायचं असेल तर फोन, वही आणि फोटोवरून शोधणारं एखादं अ‍ॅप पुरतं. जगभरच्या जुन्या रेडिओंची फोटोंसकट नोंद असलेलं रेडिओम्युझियम डॉट ओआरजी हे संकेतस्थळ उपयोगी पडतं, पण भारतात बनलेल्या सेटांची माहिती तिथे तुलनेने कमी आहे. प्रत्यक्ष रेडिओ तपासायचा असेल तर उजेडाची बॅटरी (टॉर्च), भिंग, मोजपट्टी, मऊ ब्रश आणि मल्टिमीटर घ्या. घरात जुनं रेडिओ लायसनचं पुस्तक असेल तर तेही शोधून ठेवा. पूर्वी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी पैसे भरून तो चालू ठेवावा लागे. १९८०च्या दशकात ही पद्धत बंद झाली. आजोबांच्या कपाटात असं पुस्तक सापडलं, तर घरात रेडिओ निदान कुठल्या सालापासून होता ते कळतं.

१. आधी प्रसंगाचं साल आणि घर पक्कं करा

रेडिओ कुठला हे शोधायच्या आधी, तिथे रेडिओ असायला हवा होता का, हे बघा. आपल्या गावाचंच उदाहरण घेऊ. मे १९३०च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवर उद्या कोणी मालिका काढली, आणि गिरणी कामगाराच्या चाळीत रेडिओवर बातम्या चालू दाखवल्या, तर ते साफ चूक. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केलं, पण त्याचा ट्रान्समीटर होता जेमतेम दीड किलोवॅटचा. मार्च १९३० मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि एप्रिलपासून सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतलं. म्हणजे मार्शल लॉ लागला तेव्हा सरकारी रेडिओ महिन्या-दीड महिन्याचा होता. त्या काळी सोलापुरात एखाद्या बड्या साहेबाच्या किंवा हौशी श्रीमंताच्या बंगल्यावर सेट असू शकतो. चाळीत बातमी यायची ती वर्तमानपत्रातून आणि तोंडोतोंडी.

काही तारखा वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव जून १९३६ पासूनचं, त्याआधीच्या प्रसंगात निवेदकाने ते म्हटलं तर गडबड आहे. धारवाड केंद्र जानेवारी १९५० मध्ये सुरू झालं, पुणे केंद्र ऑक्टोबर १९५३ मध्ये. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची. ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला रेडिओ अमेरिकेत बाजारात आला १९५४च्या अखेरीस, आपल्याकडे तो घरोघरी दिसू लागला साठच्या दशकात. कॅसेटचा जन्म १९६३ चा. त्यामुळे १९६२च्या युद्धाच्या बातम्या टू-इन-वनवर, म्हणजे कॅसेट प्लेअर असलेल्या रेडिओवर, ऐकणारं कुटुंब दिसलं की पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही.

२. चित्र थांबवा, पण एकच फोटो घेऊन थांबू नका

बऱ्याच ओटीटी अ‍ॅपवर स्क्रीनशॉट काळा येतो. अशा वेळी खोलीतले दिवे बंद करून दुसऱ्या फोनने सरळ पडद्याचा फोटो काढा. रेडिओ दिसतो त्या प्रत्येक प्रसंगातला एक फोटो हवा : समोरून, बाजूने, आणि जमलं तर मागून. मागची बाजू चुकून दिसते तेव्हा सगळ्यात जास्त माहिती मिळते, कारण कला विभागाने सजावट केलेली असते ती पुढूनच.

फोटोवरून वहीत तीन गोष्टी टिपा : रुंदी जास्त की उंची, डायल कुठे आहे (वर, खाली, मधे की एका बाजूला), आणि पुढे बटणं किती. लाकडाचा रंग टिपू नका. पॉलिश बदलतं, आणि मालिकेत रंगाची छटा तर संगणकावर ठरते.

एक सापळा इथेच सांगतो. कधी कधी संकलनात दृश्य आरशासारखं उलटं केलेलं असतं. बटणांची जागा कुठल्याच मॉडेलशी जुळेना, तर अक्षरं उलटी आहेत का किंवा नटाच्या शर्टाची बटणपट्टी भलत्या बाजूला गेली आहे का ते बघा.

३. पेटी : आकार आणि कशाची बनलीय

ढोबळमानाने, विशीच्या दशकातले सेट म्हणजे यंत्राची पेटी वेगळी आणि कर्णा वेगळा. तिशीच्या सुरुवातीला उभ्या पेट्या आल्या, वरून कमानदार किंवा गोल. चाळिशीकडे पेटी आडवी होत गेली. पन्नाशीत काचेचा लांबलचक डायल, वर जाळीचं कापड आणि कधी सोनेरी पट्टी. साठीनंतर सडपातळ प्लॅस्टिक. हा क्रम सगळीकडे तंतोतंत चालत नाही, आणि आपल्याकडे जुना सेट वीस-वीस वर्षं वापरात असायचा. म्हणून १९६०च्या घरात १९४५चा रेडिओ दिसला तर ती चूक नव्हे. चूक होते ती उलट्या दिशेने.

कमानदार उभ्या पेटीबद्दल विशेष सावध राहा. हा आकार अमेरिकेत १९३०च्या आसपास फिलको कंपनीमुळे गाजला आणि आज त्याच्याच नकला ब्लूटूथ घालून विकल्या जातात. 'जुना रेडिओ' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो, म्हणून तो मालिकांत शिरतो. नक्कल ओळखायला सोपी : लाकूड एकसारखं गुळगुळीत, पितळी रंगाची बटणं जरा जास्तच चकचकीत, आणि डायलवर ८८ ते १०८ हे एफएमचे आकडे.

तपकिरी किंवा काळी चकाकणारी पेटी असेल तर ती बॅकेलाइटची असू शकते. बॅकेलाइट १९०७ मध्ये शोधलं गेलं आणि तिशीपासून पन्नाशीपर्यंत रेडिओसाठी भरपूर वापरलं गेलं. हातात असेल तर कोपरा अंगठ्याने जोरात घासून लगेच वास घ्या, फिनेलच्या जातीचा उग्र वास येतो. सुई तापवून टोचायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. त्याने दुसऱ्याची वस्तू कायमची खराब होते.

४. डायल वाचा

इथे घाई करू नका. डायल म्हणजे त्या काळच्या हवेचा नकाशा. हा सेट कुठल्या देशासाठी आणि कुठल्या काळासाठी बनला हे त्यावर छापलेलं असतं. मला विचाराल तर बाकी सगळं अंधुक दिसलं आणि डायल स्वच्छ दिसला तरी काम होतं.

आधी पट्टे बघा. भारतात प्रसारण होतं मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हवर. लाँगवेव्ह ही युरोपची गोष्ट. डायलवर 'लाँग' लिहिलेलं असेल तर तो सेट युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी बनलेला. इंग्लंडमधला बुशचा डीएसी ९० ए हा १९५० चा बॅकेलाइट सेट दिसायला देखणा, पण त्यावर फक्त मीडियम आणि लाँग आहे. एक्को या तिथल्याच कंपनीचा १९३४चा गोल एडी ६५, वेल्स कोट्सने आखलेला, हाही तसाच. रेडिओच्या इतिहासावरच्या लेखांत त्याचं चित्र हटकून असतं, म्हणून तो आपल्याकडेही होता असं वाटायला लागतं. सोलापूरच्या वाड्यात त्याने ऐकायचं काय? पियानोसारखी दाबायची बटणं आणि त्यावर यू, के, एम, एल अशी अक्षरं असतील तर तो जर्मन सेट. त्यातलं 'यू' म्हणजे एफएम, आणि आपल्याकडे एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू होऊन पुढे नव्वदीत पसरलं.

उलट, एक मीडियम आणि दोन किंवा तीन शॉर्टवेव्ह पट्टे ही आपल्या सेटची ओळख. त्यामागे एक मजेदार कारणही आहे. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात, १९५२ नंतर, आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली, आणि अख्खा देश शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन शोधायला लागला. सिलोनवर बुधवारी रात्री लागणारी बिनाका गीतमालाही १९५२ चीच. त्या काळातल्या कुठल्याही गाणीवेड्या घरात शॉर्टवेव्ह नसलेला रेडिओ दाखवला तर त्या घरात बुधवारी रात्री करमणार कसं?

मग गावांची नावं वाचा. हिल्व्हरसम, लक्झेंबर्ग, अ‍ॅथलोन ही नावं युरोपची. बॉम्बे, दिल्ली, कलकत्ता यांच्याबरोबर लाहोर, पेशावर, डाक्का एकाच रांगेत असतील तर सेट फाळणीच्या आधी आखलेला असण्याची शक्यता मोठी. १९४७ मध्ये ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं इकडे राहिली आणि ही तीन पाकिस्तानात गेली. गांधीजींच्या हत्येच्या प्रसंगात असा डायल असेल तर कला दिग्दर्शकाला मनातल्या मनात शाबासकी द्या. डायलवर धारवाड असेल तर सेट १९५० नंतरचा, पूना असेल तर १९५३ नंतरचा. आपल्या भागात ही दोन नावं फार उपयोगी पडतात. हैदराबादवरून मात्र साल काढू नका, तिथे निजामाच्या काळापासूनच रेडिओ होता.

शेवटी एकक. जुन्या डायलवर मीटर, किलोसायकल, मेगासायकल असतं. हर्ट्झ हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० मध्ये आलं आणि डायलवर रुळायला आणखी काही वर्षं गेली. किलोहर्ट्झ छापलेला रेडिओ स्वातंत्र्याच्या रात्री वाजत असेल तर तो नक्की चुकीचा.

५. पाटी सगळ्यात शेवटी

मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही, जीईसी, टेलेरॅड, नॅशनल एक्को ही नावं आपल्या घरांत होती. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता. फिलिप्सने १९४८ मध्ये कलकत्त्यात रेडिओ बनवायला सुरुवात केली. नाव ओळखीचं दिसलं की माणूस तिथेच थांबतो, आणि फसतो. पडद्यावर पाटी झाकलेली, खरवडलेली किंवा काल्पनिक नावाची असते, कारण फुकट जाहिरात कोणालाच नको असते. कधी एकाच्या पेटीवर दुसऱ्याची पाटी असते.

पाटीपेक्षा चिन्ह बरं. फिलिप्सचं ढालीच्या आकारातलं, तारे आणि लाटांचं चिन्ह १९३८ पासूनचं. १९३२च्या प्रसंगात ढाल दिसली तर लगेच वहीत टिपा.

६. उजेड, आवाज आणि भिंत

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ बटण फिरवल्या-फिरवल्या बोलत नाही. नळीतली तार, म्हणजे फिलामेंट, तापायला वेळ लागतो, मग हळूहळू आवाज वर येतो. डायलचा दिवा पिवळसर आणि थोडा असमान असतो. पांढराशुभ्र किंवा निळसर उजेड सगळीकडे सारखा पडला असेल तर आत एलईडीची पट्टी चिकटवलेली आहे. हिरवा डोळा दिसत असेल, म्हणजे स्टेशन नीट लागलं की मिटत येणारी ती छोटी काच, तर प्रसंग १९३५ नंतरचा हवा, कारण हा व्हॉल्व्ह बाजारातच तेव्हा आला.

आता भिंतीकडे बघा. जुन्या घरांत रेडिओच्या वर, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली असायची. ती एरियल. तिथून एक वायर खाली रेडिओच्या मागे यायची. मालिकांत ही पट्टी क्वचितच दिसते, आणि दिसली की समजावं, शूटिंगच्या जागी कोणीतरी जाणकार म्हातारा माणूस होता. रेडिओ उंच फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही असा, आणि त्यावर विणलेलं झाकण. टेबलावर मधोमध ठेवलेला रेडिओ कॅमेऱ्याच्या सोयीसाठी असतो.

खेड्यातलं घर असेल आणि वीज नसेल तर बॅटरीचा सेट हवा. पण तो ट्रान्झिस्टरच असेल असं नाही. व्हॉल्व्हचे बॅटरी सेटही होते आणि त्यांना ९० व्होल्टचा जड पॅक लागायचा. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडच्या १९५० सालच्या शेतकऱ्याच्या घरात असा पॅक दाखवला तर ते योग्यच.

७. रेडिओ हातात आला तर

प्लग लावू नका. हे आधी, बाकी नंतर. कित्येक वर्षं बंद पडलेल्या सेटचे कंडेन्सर निकामी झालेले असतात आणि सरळ वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळतो. चालवून बघायचाच असेल तर मेकॅनिककडे सिरीज बल्बच्या बोर्डावर, म्हणजे वाटेत बल्ब जोडून. त्यातही एसी-डीसी दोन्हींवर चालणारे सेट जास्त धोक्याचे, कारण त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतली धातूची चासी (सांगाडा) थेट लाइनला जोडलेली असू शकते. फिलिप्सच्या जुन्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी 'यू' असेल तर तो या जातीचा, 'ए' असेल तर फक्त एसीचा, 'बी' असेल तर बॅटरीचा.

प्लग काढलेला आहे याची खात्री करून मागचं झाकण बघा. मॉडेल आणि सिरीयल नंबर तिथे असतो. विक्रेत्याचं लेबल असेल तर सोनं समजा. इंग्रजीत गावाचं नाव 'शोलापूर' असं लिहिलं असेल तर लेबल जुनं. पत्त्यात पिनकोड असेल, ४१३००१ वगैरे, तर लेबल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोडच तेव्हा आले. किंमत नये पैशांत असेल तर एप्रिल १९५७ नंतरची. अर्थात लेबल दुरुस्तीच्या वेळी नंतरही चिकटवलेलं असू शकतं, म्हणून त्यावरून रेडिओचं वय ठरवताना डायलशी ताडून बघा.

व्हॉल्व्हवरचे क्रमांकही बोलतात. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर 'ई' म्हणजे फिलामेंट ६.३ व्होल्टचं, 'यू' म्हणजे एसी-डीसी सेटचं, 'डी' म्हणजे बॅटरीच्या सेटचं. ईएल ८४ हा व्हॉल्व्ह १९५३च्या सुमाराचा. तो मूळचाच असेल तर तुमचा रेडिओ त्याआधीचा नाही. व्हॉल्व्ह खेचून काढू नका. पुसट झालेले आकडे बॅटरीचा उजेड तिरका धरला की दिसतात, आणि कापडाने पुसले तर कायमचे जातात.

८. मालिकेसाठी कोणी रेडिओ मागितला तर

जुना रेडिओ घरात आहे हे कळलं की कधी ना कधी शूटिंगवाले किंवा कॉलेजातली नाटकाची मुलं मागायला येतात. द्यायला हरकत नाही, पण प्रसंगाचं साल आणि घर आधी विचारा. चुकीच्या सालासाठी मागत असतील तर सांगा, बहुतेक लोक ऐकतात. त्यांना सांगायचा सोपा हिशेब असा : १९४७च्या आधी आयात केलेला, लाकडी किंवा बॅकेलाइटचा, पन्नाशीत शॉर्टवेव्ह असलेला लांब डायलचा, पासष्ट-सत्तरनंतर चामड्याच्या भोकांच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर, आणि जोडीला फळीवरचा जुना सेट तसाच बंद पडलेला.

कागदावर लिहून घ्या : मॉडेल, सिरीयल नंबर, सगळ्या बाजूंचे फोटो, नुकसान झालं तर भरपाई, परतीची तारीख, आणि 'वीज जोडायची नाही, रंग लावायचा नाही, पाटी काढायची नाही' हे एक वाक्य. आवाज ते नंतर ध्वनिमुद्रणातून घालतातच, त्यामुळे रेडिओ चालू असण्याची गरज नसते. डायल उजळायचा असेल तर बाहेरून छोटा पिवळा दिवा ठेवायला सांगा. परत आल्यावर झाकण उघडून व्हॉल्व्ह मोजा आणि बटणं आधी काढलेल्या फोटोंशी ताडून बघा. बटणं हरवतात सगळ्यात जास्त, आणि तशीच दुसरी मिळवायला भंगारवाल्यांच्या दारात खेटे घालावे लागतात.